पुरुषांचे बीच व्हॉलीबॉल : मैदानावरचा चांगला स्मॅशर वाळूतही चालतो का?

पंचगंगेकाठचा (प्रश्न)

करवीर तालुक्यातील एका गावात मी गेली काही वर्षे संध्याकाळी मुलांचा व्हॉलीबॉलचा सराव घेतो. आमच्या भागात पूर्वी शूटिंग व्हॉलीबॉलचेच वेड होते. स्मॅशिंगचा संघ उभा राहिला तो अलीकडे. त्या संघातील दोन मुले, एक चार नंबरवरून, म्हणजे नेटच्या डाव्या टोकाकडून, मारणारा आणि दुसरा त्याला मारण्यासाठी चेंडू उचलून देणारा लिफ्टर, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांच्या बीच व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्याची चित्रफीत पाहिल्यापासून हट्ट धरून बसली आहेत की आम्हाला जोडीने वाळूत खेळायचे आहे.

त्यांच्यामुळे मीही तो सामना दोनदा पाहिला आणि खरे सांगायचे तर माझा गोंधळ वाढला. स्वीडनच्या डेव्हिड ओमान आणि योनातान हेल्विग यांनी जर्मनीच्या निल्स एलर्स आणि क्लेमेन्स विकलर यांना २१-१०, २१-१३ असे हरवले. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात एवढा फरक कसा पडतो? जर्मनीचा एलर्स दोन मीटरहून चांगलाच उंच आहे, नेटवर त्याचे हात नुसते भिंतीसारखे दिसतात, तरीही स्वीडनची मुले त्याला चकवत राहिली. त्यातही वारंवार असे दिसले की पहिला पास झाल्यावर तीनपैकी दुसऱ्या टचलाच ते उडी मारत होते आणि कधी तिथेच मारत होते, तर कधी हवेतूनच जोडीदाराला लिफ्ट देत होते. आमच्या खेळात लिफ्टरने दुसऱ्या टचला टाकलेला चेंडू ही अधूनमधून करायची चलाखी असते. इथे तर सगळा खेळच त्यावर उभा दिसला.

जाणकारांनी कृपया सांगावे : मैदानावर घडलेला स्मॅशर वाळूत उपयोगी पडतो का? अशा आंतरराष्ट्रीय क्रीडा महोत्सवात जोडीला प्रवेश कसा मिळतो? आणि कोल्हापुरात वाळू आणायची कुठून?

चारचा स्मॅशर

मास्तर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या फजितीवरून देतो. महाविद्यालयात असताना मी आणि माझा मित्र एका बीच व्हॉलीबॉल निवड चाचणीला गेलो होतो. मैदानावर आमचे नाव होते, त्यामुळे नियम वाचून जाण्याची गरज वाटली नाही. पहिली सर्व्हिस मी सवयीने डोक्यावर, दोन्ही हातांच्या बोटांनी घेतली आणि पंचांनी डबल टचची शिट्टी वाजवली. पुढच्या रॅलीत ब्लॉक, म्हणजे नेटवर अडवायला उठलेले हात, समोर दिसल्यावर मी बोटांच्या टोकांनी चेंडू हलकेच मागे सोडला, म्हणजे आपण ज्याला प्लेसिंग म्हणतो ते केले, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी मित्राच्या ब्लॉकला लागून चेंडू आमच्याच बाजूला पडला, मी उचलला, त्याने लिफ्ट दिली, मी मारला आणि मोठ्या आनंदाने ओरडलो, तर पंच चार बोटे दाखवत उभे! सामना संपेपर्यंत आमच्या हातांना काय करावे तेच कळत नव्हते.

तेव्हा तुमच्या मुलांनी आधी हे पक्के करावे. वाळूत ब्लॉकला लागलेला चेंडू हा तीनपैकी पहिला टच मोजला जातो, मैदानावर तो मोजत नाहीत. उघड्या बोटांनी प्लेसिंग चालत नाही. बोटे दुमडून सांध्यांनी, तळहाताने किंवा ताठ बोटे एकत्र जोडून चेंडू ढकलावा लागतो. बोटांनी दिलेला चेंडू पलीकडे पाठवायचा असेल तर तो खांद्यांच्या रेषेला काटकोनात, सरळ पुढे किंवा सरळ मागे, गेला पाहिजे. बदली खेळाडू नसतो, त्यामुळे पायात गोळा आला तरी तुम्हीच खेळायचे. मैदान १६ बाय ८ मीटरचे असते, म्हणजे आपल्या १८ बाय ९ पेक्षा लहान, पण ते दोघांनी सांभाळायचे असते आणि नेट मात्र पुरुषांसाठी तेवढेच, २.४३ मीटर. चेंडूत हवाही कमी असते, त्यामुळे तो वाऱ्यावर तरंगतो आणि हातात मऊ लागतो. मैदानावरचा चेंडू घेऊन वाळूत सराव करण्यात काही अर्थ नाही.

उडीचे तर विचारूच नका. आपण चार पावलांचा वेग घेऊन पुढे झेपावतो. वाळूत तो वेग पायाखालीच जिरतो. शेवटचे पाऊल आखूड ठेवून सरळ वर उठायला शिकेपर्यंत माझे अर्धे स्मॅश नेटमध्ये गेले.

वाळूतला जुना

वरच्या उत्तरात नियम नेमके आले आहेत. मात्र मूळ प्रश्न, स्वीडनने एवढ्या फरकाने जर्मनीला का हरवले, तो त्या नियमांच्या पलीकडचा आहे आणि मला त्यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

सहा जणांच्या खेळात सर्व्हिस कोणी घेतली यावरून मारणार कोण हे ठरत नाही. दोघांच्या खेळात ते जवळजवळ ठरूनच जाते. ज्याने सर्व्हिस उचलली त्याला दुसऱ्याने लिफ्ट द्यायची, म्हणजे तिसरा टच पुन्हा पहिल्याचाच. याचा अर्थ असा की प्रतिस्पर्धी ज्याच्यावर सर्व्हिस टाकतो त्यालाच तो स्मॅश मारायला लावत असतो, आणि म्हणून दोघांपैकी जो दमलेला, चिडलेला किंवा कमी ताकदीचा असेल त्याच्यावर सामनाभर सर्व्हिस टाकत राहणे हा या खेळातला सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दय डाव आहे. समोरच्या ब्लॉकरलाही वेळ मिळतो : चेंडू वर जातो, मारणारा कोण हे माहीत असते, आणि तो शांतपणे सरकून त्याच्यासमोर उभा राहतो. ब्लॉकर जोडीदाराला पाठीमागे बोटांच्या खुणा करतो हे आपण पाहिले असेल. एक बोट म्हणजे मी रेषेकडची बाजू अडवतो, दोन बोटे म्हणजे आडवी बाजू अडवतो, मूठ म्हणजे ब्लॉक नाही. दोन हात, कारण समोर मारणारे दोन. ही सगळी व्यवस्था ‘मारणारा कोण आणि चेंडू कधी येणार’ हे ठाऊक असण्यावर टिकून आहे.

ओमान आणि हेल्विग यांनी नेमका तोच पाया काढून घेतला. पहिला पास ते नेटच्या जवळ आणि उंच देतात. दुसरा खेळाडू मारण्याच्याच तयारीने उडी घेतो. ब्लॉकर त्याच्यासमोर उडाला तर तो हवेतूनच चेंडू बाजूला सरकवतो आणि जोडीदारासमोर नेट मोकळे असते. ब्लॉकर थांबला तर तो तिथेच मारून मोकळा होतो. सर्व्हिस कोणावर टाकायची हा प्रश्नच मग अर्धा निकामी होतो. अशा वेळी ब्लॉकरच्या उंचीचा उपयोग राहतो, पण त्याच्या वेळेचा हिशेब पार कोलमडतो, आणि अंतिम सामन्यात एलर्सचे नेमके हेच झाले. त्याचे हात उंच होते. ते योग्य जागी पोहोचत नव्हते.

याचे महत्त्व कळण्यासाठी थोडा मागचा हिशेब पाहावा लागेल. बीच व्हॉलीबॉलला ऑलिंपिकमध्ये पदकाचा दर्जा मिळाला १९९६ च्या अटलांटामध्ये. तिथे आणि २००० साली सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर मैदान अजून १८ बाय ९ चे होते आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत. २००४ च्या अथेन्सपर्यंत मैदान लहान झाले आणि प्रत्येक रॅलीला गुण आला. मैदान आखूड झाल्यावर मागे एकच माणूस पुरू लागला, आणि नेटवर उंच भिंत व मागे चपळ बचावपटू अशी जोडीची ठरावीक घडण पक्की झाली. २००८ चे बीजिंग विजेते पाहा : सहा फूट नऊ इंचांचा फिल डालहाउसर पुढे, टॉड रॉजर्स मागे. २०१६ ला रिओच्या कोपाकबानावर दांडगा अ‍ॅलिसन सेरुटी पुढे आणि त्याच्यापुढे लहानखुरा दिसणारा ब्रुनो श्मिट मागे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेतील नॉर्वेच्या आंदेर्स मोल आणि क्रिस्तियान सोरुम यांनी वेग वाढवला, पण घडण तीच. स्वीडनची जोडी या घडणीत बसत नाही. दोघेही मारतात, दोघेही लिफ्ट देतात आणि दोघांचीही उंची या खेळाच्या मानाने डोळ्यांत भरणारी नाही.

म्हणून आपल्या लिफ्टरला, मास्तर, मी स्मॅशरइतकेच महत्त्व देईन. हवेत असताना मारायचे की द्यायचे हे ठरवणारा हात ज्याच्याकडे आहे, तो मुलगा वाळूत जास्त लवकर रुळेल.

एक सावधगिरी. ही चाल दोन महिन्यांत येत नाही. ओमान आणि हेल्विग यांनी २०१८ साली ब्यूनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्येही एकत्र खेळूनच सुवर्णपदक घेतले होते. पॅरिसमध्ये जे दिसले ते विशीच्या उंबरठ्याआधीपासून जमलेल्या जोडीचे काम होते.

खासबागकर

लेख उत्तम आहे, पण थोडे विरजण घालतो. स्वीडनच्या मुलांना ‘उंच नाहीत’ म्हणणे हे त्यांच्या गर्दीत ठीक. आपल्या तालमीच्या दारात ती उभी राहिली तर चौकटीला डोके लागेल. शिवाय ज्या गावात सहा महिने चिखल आणि सहा महिने धूळ, जिथून समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो, तिथल्या पोरांना ऑलिंपिकच्या गोष्टी सांगून आपण त्यांचा मैदानावरचा चांगला खेळ बिघडवत तर नाही ना? कोल्हापूरने खाशाबा जाधव घडवले, स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून नेमबाजीतले कांस्य आणले. पण त्या खेळांना आपल्याकडे आधीची परंपरा होती, गुरू होते. वाळूला काय आहे?

वाळूतला जुना

खासबागकर, आपली शंका रास्त आहे आणि उंचीबाबत मी माघार घेतो; नेट २.४३ मीटरचेच राहणार आणि पाच फूट सात इंचांच्या मुलाला तिथे फार काही करता येणार नाही. मात्र समुद्राचा मुद्दा मला मान्य नाही.

स्वित्झर्लंडला समुद्र नाही. २००४ मध्ये अथेन्सला पॅट्रिक हॉयशर आणि स्टेफान कोबेल या स्विस जोडीने पुरुषांचे कांस्यपदक घेतले. २०१२ ला लंडनमध्ये कांस्य लॅटव्हियाकडे गेले, जिथे वर्षातला मोठा काळ किनाऱ्यावर अंगातला कोट काढता येत नाही. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हिवाळ्यात छपराखाली वाळू टाकून सराव होतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रवांडाची पुरुष जोडी कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत पोहोचली आणि तिथे इंग्लंडच्या बेल्लो या जुळ्या भावांकडून हरली. रवांडाही चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश आहे. आणि स्पर्धा तरी कुठे नेहमी किनाऱ्यावर होतात? लंडनमध्ये घोडदळाच्या संचलनाच्या मैदानावर वाळू ओतली होती, पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी.

परंपरेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो आपण म्हणता त्याहून खोल आहे. मैदानावरचा मोठा खेळाडू वाळूत यशस्वी झाल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचा कार्च किराय : १९८४ आणि १९८८ ला सहा जणांच्या संघातून सुवर्ण आणि १९९६ ला केंट स्टेफ्सबरोबर वाळूत सुवर्ण. लोक हे उदाहरण ‘मैदानावरून वाळूकडे’ असे सांगतात. प्रत्यक्षात तो लहानपणापासून वडिलांबरोबर किनाऱ्यावर खेळत होता आणि अकराव्या वर्षी वडिलांचा जोडीदार म्हणून पहिल्या स्पर्धेत उतरला होता. आंदेर्स मोलची आई मेरिता बर्न्टसेन १९९६ ला अटलांटामध्ये याच खेळात उतरली होती. म्हणजे तालमीसारखेच आहे हे. घरातून आलेली वाळू वेगळी आणि विसाव्या वर्षी पायाला लागलेली वेगळी. त्यामुळे ऑलिंपिकचे स्वप्न या दोन मुलांच्या गळ्यात घालू नये हे आपले म्हणणे मी मान्य करतो. पण त्यांच्यामागे येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलांना वाळू कोणी दाखवायची, हा प्रश्न उरतोच.

आता प्रवेशाविषयी. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फक्त २४ जोड्या असतात आणि एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. पॅरिससाठी यजमानांची एक, जागतिक विजेत्यांची एक, जागतिक क्रमवारीतून १७ आणि पाच खंडांच्या चषकांमधून प्रत्येकी एक, असा वाटा होता. आशियाची ती एक जागा दिसते तितकी सोपी नाही, कारण व्हॉलीबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाही आशियाच्या गटातच येतो. भारतीय जोडी ऑलिंपिकच्या वाळूवर अद्याप उतरलेली नाही. आशियाई स्पर्धांमध्ये हा खेळ १९९८ च्या बँकॉकपासून आहे, आणि तिथे सध्या शेरिफ युनुसे आणि अहमद तिजान या कतारच्या जोडीचे राज्य आहे. २०१८ च्या स्पर्धेचे आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेचे सुवर्ण त्यांचेच, टोकियो ऑलिंपिकचे कांस्यही. दोघांपैकी एक जन्माने सेनेगलचा आणि दुसरा गांबियाचा, हा वादाचा वेगळा विषय आहे. आपल्या मुलांसाठी जवळची पायरी म्हणजे राज्य संघटनेच्या निवड चाचण्या, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर झालेल्या खेलो इंडिया बीच गेम्ससारखे महोत्सव.

बांधकामवाला

वाळूचा प्रश्न माझ्या धंद्यातला असल्याने लिहितो. मैदान १६ बाय ८ मीटर, भोवती किमान तीन मीटर मोकळी जागा, म्हणजे एकूण २२ बाय १४ मीटर. वाळूची खोली किमान ४० सेंटीमीटर पाहिजे. हिशेब केला तर १२३ घनमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू झाली. नदीच्या वाळूचे आजचे भाव आणि परवान्यांची भानगड ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी खुर्चीला धरून बसावे.

स्वस्तात म्हणून क्रश सँड टाकण्याचा मोह कोणालाही होईल. तो टाळावा. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने ती टाकली होती. खडी फोडून केलेल्या त्या वाळूचे कण कोनदार असतात. डाइव्ह मारली की गुडघ्या-कोपराची साल निघते. शिवाय तिच्यात दगडाची भुकटी असते, त्यामुळे पहिल्याच पावसात ती दबून गच्च झाली आणि दिवाळीनंतर तिथे मुले चक्क गोट्या खेळत होती. गोल कणांची, धुतलेली, चाळलेली वाळूच पाहिजे. खाली खडीचा थर आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरल्याशिवाय वाळू टाकू नये, नाहीतर आपली काळी माती दोन पावसाळ्यांत वर येते आणि खर्च मातीत, शब्दशः. पाण्याचा निचरा ओढ्याकडे काढावा.

उन्हाचेही बघा. एप्रिलच्या दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाणी मारून सकाळी नाहीतर पाचनंतरच खेळवावे.

पंचगंगेकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. साडेत्रेचाळीस ब्रासचा आकडा मी आज ग्रामपंचायतीत सहज बोलून दाखवला, तेव्हा एक सदस्य म्हणाले, ‘एवढ्या वाळूत एका मजल्याची शाळा होते की!’ त्यामुळे तूर्तास तो विषय बाजूला ठेवला आहे.

चारचा स्मॅशर यांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही मातीच्याच मैदानावर १६ बाय ८ च्या रेषा आखल्या आणि दोन विरुद्ध दोन खेळायला सुरुवात केली. सर्व्हिस अंडरहँडच घ्यायची, प्लेसिंग बंद, ब्लॉकचा टच मोजायचा. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की माझा चार नंबरचा मुलगा, ज्याच्या जिवावर आम्ही तालुका जिंकतो, त्याला चांगली लिफ्ट देताच येत नाही, कारण आजवर ती वेळच त्याच्यावर आली नव्हती. लिफ्टरने मात्र तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टचला उडी घेतली, हात मागे नेला, समोरचे दोघे थबकले, आणि त्याने चेंडू हळूच बाजूला सोडला. जोडीदार मारायलाच विसरला, उभा राहून बघत बसला. पण चाल जमली हे दोघांनाही कळले.

एकच शंका उरली आहे. महिन्यातून एकदा आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे मुलांना न्यावे असे ठरते आहे. किनाऱ्यावर नेट नेमके कुठे लावावे? लोक क्रिकेट खेळतात ती पाण्याजवळची ओली पट्टी सपाट असते, तिथे सोपे जाईल असे वाटते.

वाळूतला जुना

ती पट्टी टाळा. तिथली वाळू दबलेली असते, उडी जवळजवळ मैदानासारखीच बसते आणि मुलांना खोटा आत्मविश्वास येतो. भरतीची रेषा सोडून वर, जिथे पाऊल घोट्यापर्यंत रुतते अशा कोरड्या वाळूत नेट लावा. शंख, काचा आणि जाळ्यांचे तुकडे आधी हातांनी वेचून काढा. वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून मैदान आखा आणि पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी, तिसऱ्यात दर पाच गुणांनी बाजू बदलण्याचा नियम सरावातही पाळा. वाऱ्याविरुद्ध सर्व्हिस आणि वाऱ्याबरोबर सर्व्हिस या दोन वेगळ्या कला आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवा, म्हणजे दोन सेट झाल्यावर नेट गुंडाळून पळावे लागणार नाही.